नियम सारखा, कागद वेगळे
मतदानासाठी लागणाऱ्या ओळखपत्राचा नियम सर्वांना सारखाच असल्याने कुणावर अन्याय होत नाही, असे मत मांडले जाते; ते अपुरे वाटते. निवडणूक आयोगाने २००९ मध्ये मतदार नोंदणीत स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ हा लिंगाचा पर्याय दिला, तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्राची सोय केली (निदान कागदावर तरी). पण घर सोडून भुसावळला भाड्याने राहणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तीने जुने नाव, जुना फोटो आणि वडिलांचा पत्ता असलेले मतदार कार्ड बदलण्यासाठी नमुना ८ हा दुरुस्तीचा अर्ज भरताना राहत्या जागेचा पुरावा आणायचा कुठून, कारण घरमालक भाडेकरार सहसा करूनच देत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याहून गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या आदिवासींची अडचण निराळी: मतदानाला ओळख म्हणून रोजगार हमीचे जॉबकार्डही चालते, मात्र ‘स्थलांतरित’ म्हणून मतदार यादीतून नावच वगळले गेले, तर कोणताही कागद उपयोगी पडत नाही.