प्रतिसाद: वजन मागच्याच पायावर राहतं
दादा, तुम्ही म्हणताय गोल्फचा शॉट मारताना क्लब (म्हणजे गोल्फची काठी) बॉलच्या आधी जमिनीला लागतो आणि शेवटी तोल मागे जातो, माझं पण दोन वर्षं हेच चाललेलं. वरती कोणीतरी डोकं अजिबात हलवू नका लिहिलंय, ते मला तरी नडलं, डोकं गच्च धरलं की बॅकस्विंगलाच, म्हणजे क्लब मागे वर नेतानाच, वजन डाव्या (उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या पुढच्या) पायावर अडकतं आणि खाली येताना उलटं मागे पडतं.

मी गुहागरचा, इथे कुठला आलाय गोल्फ कोर्स, ओहोटीला ओल्या वाळूत बॉलशिवाय नुसतं सात नंबर आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब) फिरवतो आणि मग ठसे बघतो. उजव्या ठशाची बाहेरची कड खोल गेली म्हणजे तुम्ही वळत नाही, सरकताय. आतली कड खोल हवी, आणि फिनिशला, म्हणजे स्विंग संपताना, उजव्या चवड्याचा नुसता खळगा.

पाग (फेकायचं मासेमारीचं जाळं) टाकणाऱ्यांना बघा कधीतरी, पुढचा पाय रोवला, कंबर वळली, हात सगळ्यात शेवटी. आपलं नेमकं हात आधी!

पाय जुळवून उभे राहा, क्लब वर पोचायच्या जरा आधी डावा पाय टार्गेटकडे टाका न् मग मारा, इम्पॅक्टला, म्हणजे क्लब बॉलला लागताना, साधारण ८० टक्के वजन डावीकडे आपोआप येतं. आणि क्लब गोड्या पाण्याने धुवा हां, माझा एक गंजला.