.३८-५५ काडतुसाची जुनी विंचेस्टर १८९४ रायफल: गोळ्या विखुरतात, सुरुवात कुठून करू?

रानवाट:
२६ इंची अष्टकोनी बॅरल, पूर्ण लांबीची मॅगझिन नळी. बाजारातल्या २५५ ग्रेन वजनाच्या, जॅकेटवाल्या (तांब्याचं आवरण असलेल्या) गोळ्यांच्या काडतुसांनी १०० यार्डांवर पाच गोळ्या सात इंचांत पसरतात. कागदावरची दोन भोकं गोल नाहीत, लांबट आहेत. आटे (बॅरलच्या आतले पिळाचे चर आणि उंचवटे) स्वच्छ आणि धारदार दिसतात. बॅरल बदलायची नाही.

शिसे_कथील:
लांबट भोक म्हणजे गोळी तिरकी होऊन लागतेय, तिला आट्यांची पकडच मिळत नाही. आजच्या काडतुसांत गोळी बहुधा ०.३७५ ते ०.३७७ इंचांची असते आणि जुन्या बॅरलचे चर ०.३७९-०.३८० सहज भरतात. तेव्हा आधी बॅरल मोजा.

रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहा, लिव्हर उघडी ठेवा. मऊ शुद्ध शिशाचा, बॅरलपेक्षा किंचित जाड तुकडा तेल लावून बॅरलच्या तोंडाकडून पितळी दांड्याने हळूहळू ठोकत आत घाला. हाताकडे लक्ष ठेवा: कुठे अडतो, कुठे एकदम सैल सरकतो. या बॅरलला सहा चर, म्हणजे ते समोरासमोर येतात; बाहेर निघालेल्या तुकड्यावर मायक्रोमीटरने सरळ मोजता येतं.

गोळी चरापेक्षा ०.००१ ते ०.००२ इंच जाड हवी. वीस भाग शिसे, एक भाग कथील. या वेगाला त्याहून कडक मिश्रण नको. गोळी सपाट नाकाचीच घ्या, मॅगझिन नळीत तिच्यापुढे दुसऱ्या काडतुसाचं प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) असतं, टोकदार नाकाने ते उडू शकतं.

पण जाड गोळी घालण्याआधी एक परीक्षा चुकवू नका. उडवलेल्या, साइझ न केलेल्या (डायमध्ये दाबून पुन्हा मूळ मापाला न आणलेल्या) पुंगळीच्या तोंडात ती गोळी बोटाने सरकली पाहिजे. नाही सरकली तर चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या भागात) पुंगळीच्या गळ्याला फुलायला जागाच नाही. गोळी सुटायला अडते आणि दाब धोकादायक वाढतो. अशा वेळी पातळ भिंतीच्या पुंगळ्या शोधा, किंवा ०.००१ ने बारीक, अधिक मऊ गोळी वापरा.

पुंगळी५५:
वरचं सगळं करूनही गोळ्या पसरतात, त्याचं नेहमीचं कारण एक्स्पांडर, म्हणजे पुंगळीचा गळा रुंद करणारा दांडा. डाय-सेटमधला (काडतुसं भरायच्या साच्यांच्या संचातला) एक्स्पांडर ०.३७५ च्या गोळीसाठी असतो. ०.३८० ची मऊ गोळी तशा गळ्यात दाबली की तिथेच चेपून ०.३७७ होते. बसवलेली एक गोळी उपटून मोजा, लगेच कळेल. ०.३७८ चा एक्स्पांडर घ्या. गोळी बसवणं आणि क्रिंप करणं (पुंगळीची कड गोळीवर आवळणं) वेगवेगळ्या फेरीत करा.

पुंगळ्या दोन लांबीच्या मिळतात, २.१२५ आणि सुमारे २.०८ इंच. जुनं चेंबर लांब पुंगळीचं आहे. आखूड पुंगळीतून गोळीला आट्यांपर्यंत उगाच उडी मारावी लागते.

दारूचं माप पुस्तकातल्या खालच्या टोकापासून. हे काडतूस मूळ काळ्या दारूचं, वेग सेकंदाला १,३०० फुटांच्या आसपास पुरे. आणि १९७८ चं .३७५ विंचेस्टर दिसायला सारखं असलं तरी फार जास्त दाबाचं आहे. ते या रायफलीत कधीही घालू नका.

माशीवर_नजर:
पुढच्या लाकडाकडेही बघा. ते रिसीव्हरला घट्ट भिडलं असेल तर बॅरल तापली की ढकलली जाते. पत्त्याच्या जाडीइतकी फट ठेवा, लाकडाच्या टोकावरच्या टोपीचे दोन स्क्रू करकचून आवळू नका. मॅगझिन नळी तिच्या कड्यात अडकलेली नको. चाचणीत मॅगझिन रिकामी ठेवा, एकेक काडतूस भरा. वाळूची पिशवी रिसीव्हरच्या लगेच पुढे, बॅरलच्या टोकाखाली नाही.

बॅरलच्या तोंडाकडची धार तपासा. ही रायफल वर्षानुवर्षं तोंडाकडूनच साफ होते, त्यामुळे दांड्याच्या घासण्याने एका बाजूचे उंचवटे झिजतात.

रानवाट:
चर ०.३७९५ भरले. ०.३८१ ची गोळी पुंगळीत सरकत नाही, ०.३८० ची सरकते.

शिसे_कथील:
मग ०.३८० घ्या, वीसास एक. दहा गोळ्यांनंतर बॅरलमध्ये शिशाचे पट्टे बघा. चेंबरच्या लगेच पुढे दिसले तर गोळी अजून बारीक पडतेय, गॅस बाजूने निसटतोय. तोंडाजवळ दिसले तर वंगण संपतंय. त्याआधी बॅरलमधलं जुन्या जॅकेटांचं तांबं पूर्ण काढा, नाहीतर शिसे त्यावरच चिकटेल.