‘मावा’ की ‘देवी’?

प्रश्न : पुणे जिल्ह्यातील मेंढपाळांसाठी एका माहितीपत्रकाचा अनुवाद करत आहे. शेळ्यामेंढ्यांपासून माणसाच्या हाताला होणाऱ्या ‘ऑर्फ’ या विषाणुजन्य आजाराला ‘मेंढीची देवी’ म्हणावे का?

उत्तर : कृपया म्हणू नये. मेंढ्यांची देवी हा निराळा आजार असून तो माणसाला होत नाही. करडांच्या आणि कोकरांच्या ओठांवर खपल्या धरणाऱ्या या आजाराला आपल्याकडे ‘मावा’ हा रुळलेला शब्द आहे. शिरूरकडच्या मेंढरांच्या एका वाड्यावर, तोंड आलेल्या कोकराला बाटलीने दूध पाजणाऱ्या बाईंच्या अंगठ्यावर मी असा फोड पाहिला होता : मध्ये लाल, भोवती पांढरे कडे आणि बाहेर पुन्हा लाली. त्या म्हणाल्या, “कोकराचा मावा बोटाला लागला.” याहून नेमके वाक्य मला सुचत नाही.

शंका : पण मावा पिकावरही पडतो आणि मिठाईतही असतो. वाचक गोंधळणार नाही का?

उत्तर : मेंढपाळ गोंधळत नाही, कारण पिकावर मावा ‘पडतो’ आणि कोकराच्या तोंडाला ‘येतो’, क्रियापदच अर्थ सांगते. तरीही पहिल्या उल्लेखात ‘मेंढीच्या माव्यापासून हाताला होणारा फोड’ असे पूर्ण लिहावे. तो बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो आणि विषाणूवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही, हेही त्यात यावे.

गाईची धार काढताना सडावरच्या फोडांमुळे बोटाला जे होते, तो मात्र वेगळा आजार; त्याला ‘गाठ’ म्हणावे. ‘देवी’ हा शब्द मात्र म्हशीच्या बाबतीत योग्य आहे. १९८५ ते १९८७ या काळात महाराष्ट्रातील म्हशींत आढळलेल्या त्या आजाराचा विषाणू देवीच्या लशीतील विषाणूचा जवळचा नातलग आहे, आणि तो धार काढणाऱ्यांच्या हातांनाही होतो.

आणखी एक विनंती. ‘फोडातून लस येते’ असे लिहू नये. जखमेतून झिरपणारा पातळ स्राव हा ‘लस’चा जुना अर्थ मला फार प्रिय आहे, १७९६ मध्ये देवीच्या लशीचे जनक, इंग्रज डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांनी गवळणीच्या हातावरील गोदेवीच्या (गाईपासून होणाऱ्या देवीच्या) फोडातून घेतली ती अक्षरशः लसच होती. परंतु आजचा वाचक ‘लस’ म्हटले की सुईच समजतो. तेथे ‘पाणी येते’ असे लिहावे.