मुरारच्या गोरा कब्रस्तानात एका बाळाचं थडगं आहे, त्यावरची अक्षरं वाचायची कशी?

लष्करची_लेक
नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरची, शिंदे की छावणीत वाढले, आता नोकरीमुळे पुण्यात असते. दिवाळीला घरी गेले तेव्हा मुरारच्या जुन्या इंग्रजी कब्रस्तानात जाऊन आले, शाळेत जाताना टेम्पोतून रोज ती भिंत दिसायची पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आत कमरेइतकं गवत, विलायती बाभळी, मोठ्या थडग्यांवर पिंपळ उगवलाय आणि मुळांनी दगड उचकटलेत, कितीतरी ठिकाणी संगमरवरी पाटी कोणीतरी काढून नेलीय, नुसता खळगा उरलाय. कोपऱ्यात एक थडगं आहे, माझ्या हातभर लांबीचं. वय ११ महिने एवढं वाचता येतं, साल १८६ पर्यंत, शेवटच्या आकड्याची खपली निघून गेलीय, नावाचीही पहिली तीनच अक्षरं नीट दिसतात. मी तिथं बराच वेळ बसले होते. फोटो काढले पण तोवर दुपार झाली होती, सगळं सपाट आलंय. मला ते नाव वाचायचंच आहे कारण दगड पापुद्र्यासारखा सुटतोय, अजून दोन-तीन पावसाळे काढेल असं वाटत नाही. खडू घासला की अक्षरं दिसतात म्हणतात, घासू का? आणि हे एवढं बेवारस कसं काय पडलं?

चुना_आणि_वीट
ताई खडू नको, पीठ नको, तारेचा ब्रश तर मुळीच नको! मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करतो, आपल्याकडचा हा पिवळट दगड वाळूचा आहे, जमिनीतलं पाणी वर चढतं, त्यातले क्षार आत सुकून फुगतात आणि वरचा पापुद्रा ढकलून देतात, तुम्ही घासलंत की तो पापुद्रा अक्षरांसकट हातात येणार. पाणीसुद्धा मारू नका त्याच्यावर. सकाळी सात-साडेसातला जा, ऊन तिरपं असतं तेव्हा. थडगं सावलीत असलं तर घरातला मोठा आरसा न्या, एकाने लांब उन्हात उभं राहून प्रकाश बाजूने दगडावर असा पाडायचा की तो पृष्ठभागाला घासून जाईल, दुसऱ्याने फोटो काढायचे, प्रत्येक वेळी आरशाची दिशा थोडी बदलून. जे डोळ्याला दिसत नाही ते सावलीने उठून येतं. आणि कोणी उत्साहाने सिमेंट लावून देतो म्हणालं तर हात जोडा, सिमेंटमागे ओल कोंडते आणि दगड दुप्पट वेगाने जातो, तिथे चुनाच पाहिजे.

जयाजी_चौक
बेवारस का, ते सांगतो. १८४३ च्या २९ डिसेंबरला महाराजपूर आणि पनिहार अशा दोन्ही लढाया शिंद्यांचं सैन्य एकाच दिवशी हरलं, मग १८४४ चा तह, त्यातून इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ग्वाल्हेर कंटिंजंट नावाची फौज, तिची छावणी मुरारला. १४ जून १८५७ ला त्या फौजेने बंड केलं. पुढच्या जूनमध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजने मुरार आणि किल्ला घेतला आणि मग गोरी पलटण इथे ठाण मांडून बसली ती १८८६ पर्यंत, त्या वर्षी इंग्रजांनी शिंद्यांकडून झाशी घेऊन किल्ला आणि मुरार त्यांना परत दिलं. म्हणजे पलटण गेली, बायकामुलं गेली, थडगी राहिली. बाकी शहरांत १९४७ ला जे झालं ते आपल्याकडे साठ वर्षं आधीच झालं, फूल ठेवायला येणारं माणूसच उरलं नाही.

फूलबागवाला
राग नका मानू पण मला हे पटत नाही. १८ जूनला आम्ही घरचे सगळे झाशीच्या राणीच्या समाधीवर जातो, तिला मारणाऱ्यांच्या कबरी कशाला जपायच्या? आपल्या सरदारांच्या समाधीच्या छत्र्या पडायला आल्यात, त्यांच्याकडे आधी बघा ना.

लष्करची_लेक
राग कसला दादा, मीही दर वर्षी समाधीवर जायचे आजोबांचं बोट धरून. छत्र्यांचं अगदी खरं आहे तुमचं, त्यांचेही फोटो काढायला मी येईन, सांगा फक्त. पण एक गोष्ट सांगायची राहिली होती. त्या दगडावर इंग्रजी एन हे अक्षर दोन्ही वेळा उलटं कोरलंय. कोरणाऱ्याला इंग्रजी येत नव्हतं, कागदावर बघून चित्रासारखं उतरवलं असणार. आणि कडेने जी वेल आहे ना, तशीच वेल आमच्या वाड्याच्या दारावर आहे, लहानपणी मी त्यावरून बोट फिरवायचे. बाळ त्यांचं होतं, पण हात आपल्याच कारागिराचा आहे आणि त्याचं नाव तर कुठेच लिहिलेलं नाही.

फूलबागवाला
उलट्या अक्षराचा फोटो टाका. बघायचाय.

वंशावळ_वेडा
नाव दगडावर नाही मिळालं तरी कागदावर मिळू शकतं. चर्चमधल्या दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जायच्या, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, एन/१ म्हणजे बंगाल प्रांत, मुरारसाठी आधी तीच मालिका बघा. फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या वेबसाइटवर त्या पैसे भरून दिसतात, फिबिस म्हणजे ब्रिटिश काळात भारतात राहिलेल्या कुटुंबांचा शोध घेणारी संस्था, तिच्या साइटवरचा शोध फुकट आहे. तीन अक्षरं, ११ महिने, मुरार, १८६० ते १८६९ एवढ्यावर यादी लहान होईल, वडलांची पलटणही कळेल. बाक्सा नावाची संस्था १९७६ पासून अशी जुनी युरोपीय कब्रस्तानं जपायच्या कामात आहे, तिच्याकडे फोटो पाठवा, स्थानिक लोक पुढे आले तर दुरुस्तीला मदतही करतात.

लष्करची_लेक
सगळ्यांचे खूप आभार. २६ डिसेंबरला येतेय, आईचा कपाटावरचा आरसा काढून ठेवायला सांगितलाय. धुकं नसेल त्या सकाळी जाऊ, आरसा धरायला एक माणूस हवंय.

फूलबागवाला
मी धरतो. गवत कापायला विळा पण आणतो, बूट घालून या.