मदत हवी आहे : लेकीच्या पाळीचं दुखणं आणि रोबोटचा मोक्सा शेक

नमस्कार ताईंनो, मी जुळे सोलापूरची. लेक 19 वर्षांची, पाळीचे पहिले दोन दिवस पाय पोटाशी घेऊन पडून असते, उलट्या होतात, कॉलेज बुडतं, मला बघवत नाही ओ. सोनोग्राफी नॉर्मल आली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या प्रोस्टाग्लँडिन नावाचं शरीरातलं रसायन वाढलं की गर्भाशय जोरात आकसतं म्हणून कळा येतात, मेफेनॅमिक अॅसिडची दुखणं थांबवायची गोळी दिलीय पण तिला त्याने पित्त होतं. गरम पाण्याच्या पिशवीने तेवढं बरं वाटतं.

आता भाचा चीनमध्ये मेडिकल शिकतो, त्याने व्हिडिओ पाठवला. तिथं मोक्सा म्हणून जुना शेक आहे, आपल्या दवण्याच्या जातीतल्या झाडाची पानं वाळवून कांडी करतात, ती पेटवून बेंबीखाली चार बोटांवर आणि आतल्या घोट्याच्या वर चार बोटांवर, कातडीला न टेकवता धग देतात. आणि कांडी धरतो रोबोटचा हात, सेन्सरने तापमान बघत अंतर कमीजास्त करतो म्हणे!

आपल्याकडे हे सोलापुरात, पुण्यात, हैदराबादला कुठं मिळतं का? रोबोट नसला तरी हातानं देणारं कुणी जाणकार? अनुभव खरा सांगा. धुराचा त्रास झाला का, भाजलं का, हे मला आधी कळायला हवं, कारण तिला उदबत्तीनंसुद्धा खोकला येतो. का साधा इलेक्ट्रिक हीटिंग पॅडच घेऊ?

आणि एक, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं तो आजार) सोनोग्राफीत कधीकधी दिसत नाही असं वाचलं, तर परत कुणाला दाखवू? लेडी डॉक्टरच सुचवा प्लीज, पाळीची पुढची तारीख दहा दिवसांवर आलीय.