मदत हवी आहे: 'एदिर नीच्चल'मधल्या आदिरैचा वाटा गेला कुठे?

चेन्नई-मदुरैकडे राहणारं किंवा सासर तमिळ असलेलं कुणी आहे का इथे?

अत्तैंबरोबर (सासूबाई) सन टीव्हीची 'एदिर नीच्चल' बघायला घेतली आहे. २०२२ ते २०२४ चाललेली पहिली मालिका, नंतरचा दुसरा भाग नव्हे. मदुरैकडचं बडं घर, चार भाऊ, थोरला आदि गुणशेखरन म्हणेल ती पूर्व दिशा. सुना शिकलेल्या, पण रवानगी स्वयंपाकघरात. धाकटी जननी तेवढी वाकत नाही. एसकेआरच्या घराण्याशी हाडवैर, आणि एकुलत्या बहिणीचं, आदिरैचं मन नेमकं त्याच घरातल्या अरुणवर. भाऊ तिला करिकालनच्या गळ्यात बांधायला निघालेत.

माझी अडचण वेगळीच आहे. मी पाहिलेल्या भागांत इस्टेटीचा सगळा गदारोळ अप्पत्ता या म्हातारीच्या ४० टक्क्यांवरून. आदिरैच्या वाट्याचं कुणी नावच काढत नाही! अत्तैंना विचारलं, तर म्हणाल्या, "तिला सीर मिळतं की." म्हणजे लग्नात दागिने-भांडी, मग पहिली दिवाळी, पोंगल, बाळंतपण, भाचरांचे कान टोचणे, दर वेळी भावांकडून ताटं. नणंदेच्या मुलीचे कान टोचले तेव्हा ती मामाच्या मांडीवर, आणि समोर फळं, रेशमी पट्टुसाडी, चांदीचं निरांजन अशी ताटांची रांग. बायका गप्पा मारता मारता ताटं मोजत होत्या. बहिणीने वाटा मागितला की हे सगळं बंद, असं अत्तै अगदी सहज सांगतात.

पण तमिळनाडूने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला १९८९ साली, आपल्याही आधी. मग तिथेही आपल्यासारखं हक्कसोड लिहून घेतात का? की नुसतं तोंडी?

आणि गुणशेखरन करणारे मारिमुत्तू गेल्यानंतरचे भाग बघवतात का? काय माणूस होता, नुसत्या भुवईवर घर हलवायचा.

प्रतिसाद:
लिहून घेतात, चांगलं रजिस्टर करून. 'विडुदलै पत्रम्' म्हणतात. बहिणी सह्या करतात, कारण पुढे मुलीच्या लग्नात मामा उभा राहायला हवा ना! एक बारकावा: १९८९च्या कायद्यात २५ मार्चच्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. आपल्याकडे १९९४ला तेच झालं. २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या विनीता शर्मा निकालाने वडील २००५मध्ये हयात होते की नाही हा वादही मिटला. आदिरै तर कुमारिका, म्हणजे वडिलोपार्जितात तिचा हक्क जन्मापासून. भावांची स्वकष्टाची कमाई असेल, तर मात्र तिथे काही नाही.

प्रतिसाद:
मारिमुत्तू सप्टेंबर २०२३मध्ये याच मालिकेचं डबिंग करताना गेले. पुढे वेला राममूर्तींनी गुणशेखरन केला. ते भारदस्त आहेत, पण मारिमुत्तूंचा "ए, इंदाम्मा" ऐकल्यावर जी धडकी भरायची ती नाही. तरी सोडू नका, नंदिनी आणि रेणुका या सुनांचं स्वयंपाकघरातलं कुजबुजतं बंड पुढेही रंगतं. दिग्दर्शक तिरुसेल्वमच जीवानंदम म्हणून येतात, त्या ४० टक्क्यांसकट.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. विडुदलै पत्रम् म्हटल्यावर अत्तै थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "मी पण केली होती सही." किती सालची, ते विचारायचं आहे. त्यांचं लग्न १९८९च्या आधीचं आहे. तेव्हा वडिलोपार्जितात जन्मापासूनचा हक्कच नव्हता, तर सही कशाला घेतली असेल? कुणाला माहीत असल्यास सांगा.