रिप्लाय १९८८: जंग-ह्वानवर अन्याय? मला नाही वाटत

‘रिप्लाय १९८८’ या कोरियन मालिकेत शेवटी नायिका दोकसन तिचा बालमित्र तेकला मिळाली म्हणजे तिच्यावर मुक्यानेच प्रेम करणाऱ्या दुसऱ्या मित्रावर, जंग-ह्वानवर, अन्याय झाला असं बरेच चाहते म्हणतात. हे काही पटत नाही. मीही आधी त्याच्याच बाजूची होते. गर्दीच्या बसमध्ये तिला धक्का लागू नये म्हणून तो हात रोवून उभा राहतो, पण तोंडातून अवाक्षर नाही! तिला गाठायला कॉन्सर्टला धावत निघतो तर वाटेत सिग्नल लाल. बदुक (गो हा पटावरचा खेळ) खेळणारा तेक मात्र आपला सामना सोडून आधीच पोचलेला. दोष सिग्नलचा नव्हता, आपल्याच कचरण्याचा होता, हे जंग-ह्वान स्वतः कबूल करतो. मग आपण कशाला भांडायचं?

मला रडवलं ते शेवटच्या भागातल्या ओसाड गल्लीने, सगळे राहत होते त्या सोलमधल्या सांगमुन-दोंग वस्तीतल्या. पहिल्याच भागात पोरं तिथून भरल्या ताटल्या घेऊन शेजाऱ्यांकडे पळत होती.